गुप्त संख्येचा शोध : एक खेळ आणि गणकयंत्र

१. प्रास्ताविक

एखादी गोष्ट आपणांस ठाऊक नसेल, तर ती जाणून घेण्याचा सरळ मार्ग म्हणजे प्रश्न विचारणे हा होय. परंतु सर्वच प्रश्न सारख्या मोलाचे नसतात. एक प्रश्न असा असतो की, त्याच्या उत्तराने आपले अज्ञान पुष्कळसे दूर होते. दुसरा असा असतो की, उत्तर मिळूनही आपण जवळजवळ होतो तेथेच राहतो. मग प्रश्नाचे मोल आधीच ठरविता येईल काय? उत्तरातून किती ज्ञान मिळाले हे मोजता येईल काय? शास्त्रज्ञांपुढे हे प्रश्न नेहमीच असतात; पण त्यांचा अभ्यास करण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची आवश्यकता नाही. कागद, पेन्सिल आणि एक सोबती एवढे साहित्य पुरेसे आहे. या पुस्तिकेत अशाच एका खेळाची, आणि तो खेळ गणकयंत्रास, म्हणजे संगणकास, कसा शिकविण्यात आला याची माहिती द्यावयाची आहे.

२. खेळाचे नियम

इंग्लंडात हा खेळ ‘बैल व गाई’ या नावाने ओळखला जातो. एक खेळाडू चार अंकांची एक संख्या मनात धरतो. चारही अंक निरनिराळे असले पाहिजेत. आरंभी शून्य असले तरी चालते. दुसरा खेळाडू तशीच एक संख्या सुचवितो. सुचविलेल्या संख्येतील एखादा अंक गुप्त संख्येत त्याच स्थानी असेल, तर त्याबद्दल एक ‘बैल’ मिळतो. अंक गुप्त संख्येत आहे पण अन्य स्थानी आहे, असे असेल तर एक ‘गाय’ मिळते. किती बैल व किती गाई मिळाल्या एवढेच उत्तर द्यावयाचे; कोणत्या अंकाबद्दल मिळाल्या हे सांगावयाचे नाही. चार बैल मिळाले की खेळ संपला.

उदाहरणार्थ, गुप्त संख्या ७३०५ आहे आणि सोबत्याने ५३१७ ही संख्या सुचविली असे समजू. ३ हा अंक दोन्ही संख्यांत दुसऱ्या स्थानी आहे. म्हणून एक बैल. ५ आणि ७ हे अंक गुप्त संख्येत आहेत, परंतु भलत्या स्थानी. म्हणून दोन गाई. १ हा अंक गुप्त संख्येत नाहीच. तेव्हा उत्तर ‘एक बैल, दोन गाई’ असे द्यावयाचे.

एकंदर चौदा प्रकारची उत्तरे संभवतात. वरवर पाहता पंधरा संभवावीत. परंतु ‘तीन बैल, एक गाय’ हे उत्तर कधीच येऊ शकत नाही. तीन अंक आपापल्या स्थानी बसले आणि चौथाही संख्येत आहे, तर त्याला उरलेले एकच स्थान, म्हणजे त्याचे स्वतःचेच स्थान, मोकळे राहते. मग तो गाय न राहता बैलच होतो.

३. गणकयंत्राचा प्रवेश

१९६८ साली केंब्रिज विद्यापीठातील फ्रँक किंग यांनी तेथील ‘टायटन’ नावाच्या गणकयंत्रासाठी या खेळाची आज्ञावली लिहिली. तिचे नाव ‘मू’. गाईच्या हंबरण्यास इंग्रजीत हाच शब्द आहे. त्या काळी एक गणकयंत्र मोठ्या दालनात बसविलेले असे आणि अनेक जण दूरमुद्रकासारख्या टंकयंत्रांवरून त्याच्याशी एकाच वेळी व्यवहार करू शकत, ही सोय तेव्हा नवीनच होती. खेळाडूने संख्या टंकित करावी आणि यंत्राने क्षणार्धात बैल व गाई मोजून उत्तर छापावे, असा हा क्रम होता. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनीही ‘मू’ची एक आज्ञावली लिहिली. १९७१ साली ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीची पहिली माहितीपुस्तिका निघाली, तीत या खेळाची नोंद आहे.

याच सुमारास इस्राएलमधील दूरसंचार-तज्ज्ञ मॉर्डेकाय माइरोविट्झ यांनी अंकांच्या ऐवजी रंगीत खुंट्या वापरून या खेळाचे नवे रूप सिद्ध केले. इंग्लंडातील लेस्टरजवळच्या ‘इन्व्हिक्टा प्लास्टिक्स’ या कंपनीने ते १९७१ साली ‘मास्टरमाइंड’ या नावाने बाजारात आणले. त्यात सहा रंग आणि चार स्थाने असतात, व एकच रंग अनेकदा वापरता येतो. बैलाच्या जागी काळी खुंटी आणि गाईच्या जागी पांढरी खुंटी लावून उत्तर दिले जाते.

४. यंत्र उत्तर कसे मोजते?

गुप्त संख्या सांभाळणे हे यंत्राचे सोपे काम. यदृच्छया एक संख्या निवडावयाची आणि प्रत्येक सूचनेची तिच्याशी तुलना करावयाची. अंक निरनिराळे असतील तर तुलना सरळ आहे. परंतु रंगांची पुनरावृत्ती होऊ लागली की घोटाळ्यास जागा राहते. समजा, गुप्त क्रम ‘लाल, लाल, निळा, हिरवा’ असा आहे आणि सूचना ‘निळा, लाल, लाल, लाल’ अशी आली. येथे लाल रंगाबद्दल किती गुण द्यावयाचे?

यासाठी यंत्रास एक निश्चित कृती दिली जाते. प्रत्येक रंग दोन्ही क्रमांत किती वेळा आला हे मोजावे आणि त्यांतील लहान संख्या घ्यावी. लाल रंग एकीकडे दोनदा, दुसरीकडे तीनदा, म्हणून २. निळा दोन्हीकडे एकदा, म्हणून १. हिरवा सूचनेत नाही, म्हणून ०. बेरीज ३. ही बैल व गाई यांची मिळून संख्या झाली. आता स्थानेही जुळणारे रंग मोजावेत. येथे केवळ दुसऱ्या स्थानचा लाल जुळतो, म्हणून बैल १. उरलेल्या गाई २. माणूस जे काम नजरेने करतो आणि कधीमधी चुकतो, ते अशा रीतीने मोजणी व वजाबाकी यांवर आणून ठेवले की यंत्रास ते निर्दोषपणे करता येते.

५. यंत्र स्वतः शोध कसा घेते?

आता भूमिका उलट करू. गुप्त संख्या माणसाने धरली आहे आणि ती यंत्राने ओळखावयाची आहे. पहिला अंक दहा प्रकारे, दुसरा नऊ, तिसरा आठ व चौथा सात प्रकारे निवडता येतो; म्हणजे १० × ९ × ८ × ७ = ५०४० संख्या संभवतात. यंत्र या सर्व संख्यांची यादी आपल्या स्मृतीत मांडते. एक संख्या सुचविल्यावर उत्तर आले की, यादीतील प्रत्येक संख्येस यंत्र एकच कसोटी लावते : ‘तूच गुप्त संख्या असतीस, तर मला हेच उत्तर मिळाले असते काय?’ ज्या संख्येच्या बाबतीत ‘नाही’ असे निघेल, ती खोडून टाकावयाची.

वरच्याच उदाहरणात ५३१७ या सूचनेस ‘एक बैल, दोन गाई’ हे उत्तर आले होते. २३५७ ही संख्या घ्या. तिची ५३१७ शी तुलना केली तर ३ व ७ हे दोन बैल आणि ५ ही एक गाय निघते. उत्तर जुळत नाही, २३५७ बाद. ७३५२ घ्या. येथे ३ हा बैल, ७ व ५ या गाई. उत्तर जुळले, ही संख्या यादीत राहते. अशी छाननी पूर्ण झाली की ५०४० पैकी केवळ २१६ संख्या उरतात. एका प्रश्नाने तेवीसांतील बावीस हिश्शांहून अधिक शक्यता नाहीशा झाल्या.

मात्र उत्तर नेहमीच एवढे उदार नसते. पहिल्या सूचनेस ‘चार बैल’ हे उत्तर येण्यास एकच संख्या कारण होऊ शकते. ‘एकही नाही’ हे उत्तर ३६० संख्यांमुळे येते. ‘दोन गाई’ हे १२६० संख्यांमुळे, आणि ‘एक गाय’ हे तर १४४० संख्यांमुळे. दुर्मिळ उत्तर पुष्कळ सांगते, नित्याचे उत्तर थोडे सांगते. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे माप ठरविताना हेच तत्त्व पायाभूत मानले : जे घडणे जितके असंभवनीय, ते घडल्याची वार्ता तितकी माहितीपूर्ण.

६. एक लहान नमुना

पाच हजार संख्यांची यादी हाताने तपासणे कठीण; म्हणून खेळ लहान करून पाहू. १, २, ३, ४ एवढेच अंक आणि दोनच स्थाने घेऊ. अंक निरनिराळे असावेत. मग बारा संख्या संभवतात. पहिला प्रश्न १२ हा विचारला, तर या बारा संख्यांचे पाच गट पडतात :

दोन बैल : १२.
दोन गाई : २१.
एक बैल : १३, १४, ३२, ४२.
एक गाय : ३१, ४१, २३, २४.
काहीच नाही : ३४, ४३.

उत्तर ‘एक बैल’ असे आले, तर पुढे १३ विचारावे. १३ स दोन बैल, १४ स एक बैल, ३२ स एक गाय आणि ४२ स शून्य अशी चार निरनिराळी उत्तरे येतात. म्हणजे चारही संख्या वेगळ्या ओळखू येतात. उत्तर ‘एक गाय’ असे आले, तर ३१ विचारावे. तेथेही चार संख्यांना चार उत्तरे येतात. वाचकांनी हे स्वतः करून पाहावे. तात्पर्य, कोणतीही गुप्त संख्या अधिकात अधिक तीन प्रश्नांत उच्चारता येते.

दोन प्रश्नांत हे साधेल काय? साधणार नाही, आणि ते प्रयोग न करताच सिद्ध करता येते. पहिल्या प्रश्नाने फार तर एक संख्या बरोबर उच्चारली जाईल. तिच्याखेरीज चार उत्तरे संभवतात, आणि प्रत्येक उत्तरानंतर दुसऱ्या प्रश्नात एकच संख्या उच्चारता येईल. एकूण १ + ४ = ५. परंतु संख्या तर बारा आहेत. म्हणून तीन प्रश्न आवश्यकच होत.

हाच हिशोब मोठ्या खेळास लावून पाहू. तेथे अंतिम उत्तराखेरीज तेरा उत्तरे संभवतात. चार प्रश्नांत १ + १३ + १६९ + २१९७ = २३८० इतक्याच संख्या उच्चारता येतील; ५०४० नाही. तेव्हा निदान पाच प्रश्न हवेत. प्रत्यक्षात मात्र सर्व शक्यता यंत्राकरवी तपासल्यावर असे आढळले आहे की, कोणतीही संख्या निश्चितपणे ओळखण्यास सात प्रश्न लागतात, आणि उत्तम पद्धतीने खेळल्यास सरासरी सुमारे ५·२१ प्रश्न पडतात. पाच आणि सात यांतील हा फरक येतो कोठून? उत्तरे समसमान वाटली जात नाहीत, म्हणून. १४४० संख्यांचा गट आणि एका संख्येचा गट यांना समान लेखणारा हिशोब आशावादी ठरतो.

७. चांगला प्रश्न कोणता?

यावरून चांगल्या प्रश्नाची ओळख पटते. जो प्रश्न उरलेल्या शक्यतांचे शक्य तितके अधिक आणि शक्य तितके सारखे गट पाडतो, तो चांगला.

अमेरिकेतील डोनाल्ड कनूथ यांनी १९७६-७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात मास्टरमाइंडसाठी हे तत्त्व काटेकोरपणे लावून दाखविले. सहा रंग व चार स्थाने यांचे ६ × ६ × ६ × ६ = १२९६ क्रम होतात. प्रत्येक संभाव्य प्रश्नाबद्दल यंत्राने सर्वांत मोठा गट कोणता हे पाहावे आणि ज्याचा सर्वांत मोठा गट सर्वांत लहान असेल तो प्रश्न निवडावा, अशी त्यांची रीत आहे. चारही खुंट्या एकाच रंगाच्या ठेवल्या, तर ६२५ क्रमांचा गट शिल्लक राहण्याचा धोका असतो. चार निरनिराळे रंग ठेवले तर तो धोका ३१२ वर येतो. एका रंगाच्या दोन व दुसऱ्याच्या दोन अशा खुंट्या ठेवल्या तर २५६ वर येतो. म्हणून आरंभ या तिसऱ्या प्रकाराने करावा. या रीतीने कोणताही क्रम अधिकात अधिक पाच प्रश्नांत सापडतो, आणि सरासरी ४·४८ प्रश्न लागतात.

या रीतीत एक गोष्ट नवख्या खेळाडूस चमत्कारिक वाटते. कधी कधी यंत्र असा क्रम सुचविते, जो गुप्त क्रम असू शकत नाही हे त्यास आधीच ठाऊक असते! माणूस सहसा असे करीत नाही. प्रत्येक सूचनेबरोबर आपण जिंकावे अशी त्याची इच्छा असते. यंत्र मात्र जिंकण्याची एक संधी सोडून देते आणि तिच्या मोबदल्यात उरलेल्या शक्यतांचे अधिक बारीक गट पाडून घेते. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञही असेच वागतो. आपली कल्पना खरी ठरावी एवढ्यासाठी नव्हे, तर निरनिराळ्या कल्पनांमध्ये निवाडा व्हावा म्हणून तो प्रयोग योजतो.

उत्तम म्हणजे काय, हेही आधी ठरवावे लागते. १९९३ साली केंजी कोयामा व टोनी लाइ यांनी सरासरी ४·३४ प्रश्नांवर आणणारी पद्धत शोधून काढली. परंतु तीत एखाद्या प्रसंगी सहा प्रश्न पडू शकतात. वाईटात वाईट प्रसंगापासून बचाव हवा असेल तर एक मार्ग. सरासरीने लाभ हवा असेल तर दुसरा.

स्थाने व रंग वाढविले, तर यंत्राचेही सामर्थ्य अपुरे पडू लागते. दिलेली प्रश्नोत्तरे परस्परांशी सुसंगत आहेत काय, म्हणजे त्या सर्वांत बसणारा एखादा तरी क्रम आहे काय, एवढेच ठरविणे हेही मोठ्या आकाराच्या खेळात अत्यंत अवघड आहे. गणितज्ञांनी ज्यांच्यासाठी कोणतीही शीघ्र रीत अद्याप शोधलेली नाही अशा कूटप्रश्नांच्या वर्गात हा प्रश्न मोडतो, हे २००५ साली सिद्ध करण्यात आले.

८. खेळाबाहेरील जग

येथवर गुप्त संख्या ओळखली जाणे हा विजय होता. परंतु गुप्त संख्या तुमच्या बँकेच्या खात्याची असेल तर? चार अंकी संख्येत पुनरावृत्तीस मुभा असली, तर दहा हजार संख्या होतात. यंत्र केवळ ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच सांगत असेल, तर प्रत्येक चुकीच्या उत्तरासरशी एकच संख्या बाद होते, आणि शोधणाऱ्यास सरासरी पाच हजार प्रयत्न करावे लागतात. तीन चुकांनंतर दार बंद करणारी व्यवस्था अशा वेळी सुरक्षित असते. आता हेच यंत्र बैल व गाई सांगू लागले तर काय होईल, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

ही भीती केवळ काल्पनिक नाही. २००३ साली केंब्रिज येथील माइक बाँड व पिओत्र झेलिन्स्की यांनी, बँका ज्या बंदिस्त यंत्रांच्या साहाय्याने ग्राहकांच्या गुप्त संख्या पडताळून पाहत, त्यांतील एक उणीव प्रसिद्ध केली. त्या यंत्रास अंकांचे परिवर्तन करणारे एक कोष्टक बाहेरून पुरविले जाई. यंत्रापर्यंत पोचलेल्या आतल्या मनुष्याने त्या कोष्टकात हेतुपूर्वक फेरफार केला, तर ‘संपूर्ण संख्या हीच काय?’ या प्रश्नाऐवजी ‘हा अंक संख्येत कोठे तरी आहे काय?’ असा प्रश्न विचारल्यासारखे होई. उत्तर पूर्वीप्रमाणेच ‘होय’ अथवा ‘नाही’. परंतु प्रश्नच बदलल्यामुळे त्या उत्तराचे मोल वाढले. पाच हजारांच्या ऐवजी सरासरी पंधरा प्रयत्नांत गुप्त संख्या सापडू शकते, असे त्यांनी दाखविले. पुढे २०१० साली इटलीतील रिकार्डो फोकार्डी व फ्लामिनिया लुच्चो यांनी या प्रकारच्या हल्ल्याचे आणि मास्टरमाइंडचे गणित एकच आहे, हे स्पष्टपणे मांडले.

आनुवंशिक माहितीच्या बाबतीतही असाच इशारा मिळाला आहे. मनुष्याच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला अतिशय दीर्घ मजकूरच होय. हा मजकूर उघड न करता, बाहेरून आलेल्या नमुन्याशी तो किती जुळतो एवढाच आकडा कळवावा, अशी व्यवस्था वरवर निर्धोक वाटते. परंतु अमेरिकेतील मायकेल गुडरिच यांनी २००९ साली दाखविले की, मास्टरमाइंडच्या रीतीने नमुने निवडून पाठविले, तर अशा उत्तरांतूनच मूळ मजकूर पुन्हा जुळविता येतो. प्रत्येक उत्तर एकेकटे पाहिले तर निरुपद्रवी; सर्व मिळून पाहिली तर गुपित उघडे.

९. उपसंहार

सारांश, उत्तरास मोल असते आणि ते मोजता येते. शोध घेणाऱ्याने यावरून शिकावयाचे ते असे की, आपली अटकळ बरोबर आहे काय एवढेच विचारीत बसू नये. ज्याचे कोणतेही उत्तर आले तरी पुष्कळ शक्यता गळून पडतील, असा प्रश्न शोधावा. गुपित राखणाऱ्याने शिकावयाचे ते याच्या उलट : गुपित उघड सांगितले नाही म्हणजे ते राखले गेले असे नव्हे; त्यासंबंधी दिलेल्या प्रत्येक उत्तराचा हिशोब ठेवला पाहिजे. ज्या काळात माणसांच्या ठेवी, रोग आणि पूर्वजांची माहिती यंत्रांच्या हवाली होत आहे, त्या काळात हा हिशोब प्रत्येक सुजाण नागरिकास समजला पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. गुप्त संख्या ७३०५ असताना ३७५० या सूचनेस काय उत्तर द्याल?

२. सहाव्या भागातील खेळ १ ते ५ या अंकांनी खेळा. १२ या पहिल्या प्रश्नाने वीस संख्यांचे कोणते गट पडतात?

३. या पाच अंकी खेळात प्रत्येक संख्या तीन प्रश्नांत निश्चितपणे उच्चारता येईल काय?

उत्तरे : (१) चार गाई. (२) एकेका संख्येचे दोन गट आणि सहा-सहा संख्यांचे तीन गट. (३) नाही. एकूण पाचच उत्तरे संभवत असल्यामुळे सहा संख्यांचा गट दुसऱ्या प्रश्नाने पूर्णपणे सुटा होऊ शकत नाही. निदान दोन संख्या एकाच उत्तराखाली राहतात, आणि तिसऱ्या प्रश्नात त्यांपैकी एकच उच्चारता येते.